वीकेंडचे उद्योग: बायकोची पिस्तूलशाळा

"घरात ती वस्तू आहे ना, मग ती रिकामी आहे की भरलेली, एवढं तरी मला बघता आलं पाहिजे." बायकोचं हे वाक्य गेल्या रविवारचं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. टेक्ससमध्ये राहून हौसेने पिस्तूल घेतलं मी, पण तिजोरीचा नंबर फक्त मलाच माहीत. बरं, घरात पाच वर्षांची लेक.

(ज्यांना उत्साह येतोय त्यांच्यासाठी: एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असाल तर शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडून बंदूक किंवा गोळ्या बाळगायला इथल्या केंद्रीय कायद्याने मनाई आहे. आमची दोघांची ग्रीन कार्डं येईपर्यंत मी या भानगडीत पडलोच नाही.)

शिकवायला मी जरा घाबरत होतो, कारण आधी एकदा माती खाल्ली होती. एका मित्राला बंद हॉलमधल्या रेंजवर नेलं, हातात ९ मिमीचं पिस्तूल दिलं आणि म्हटलं, "मार बिनधास्त!" शेजारच्या लेनमध्ये कोणीतरी मोठं रिव्हॉल्व्हर उडवत होता. प्रत्येक बाराला मित्र दचकायचा. चौथ्या गोळीनंतर त्याने पिस्तूल खाली ठेवलं आणि गाडीत जाऊन बसला. परत कधी आला नाही. त्यात त्याची काही चूक नव्हती, चूक माझी होती.

म्हणून यावेळी शाळा शुक्रवारी रात्री जेवणाच्या टेबलावर भरली. लेक झोपलेली, गोळ्या दुसऱ्या खोलीत कुलुपात. आधी जेफ कूपर या माजी मरीन अधिकाऱ्याने रूढ केलेले चार नियम. एक, प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजायचं. दोन, जे नष्ट करायची तयारी नाही त्याच्याकडे नळी वळवायची नाही. तीन, नेम लागेपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर. चार, आपण कशावर मारतोय आणि त्याच्या मागे काय आहे, हे माहीत हवं. आपल्या भाषेत सांगायचं तर हा बॅकअपचा बॅकअप आहे. एक नियम चुकला तरी दुसरा सांभाळून घेतो.

वाचायला सोपं आहे, पण हाताला वेगळीच सवय असते. लहानपणी दिवाळीत टिकल्यांचं पिस्तूल हातात आलं की आपण पहिल्यांदा काय करायचो? बोट थेट ट्रिगरवर आणि नेम मामेभावावर! बायकोचंही तेच. बोट नळीच्या बाजूने सरळ ठेवायला अर्धा तास लागला.

मग रिकामं आहे का ते बघणं. आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाइड मागे ओढायची, आत बघायचं आणि करंगळी घालून चाचपायचंही. हा क्रम उलटा झाला तर घात. आधी स्लाइड ओढली तर आतली गोळी बाहेर पडते, पण स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधली नवी आत घेऊन जाते. माणूस समजतो रिकामं झालं. हे तिच्याकडून वीस वेळा करून घेतलं.

शनिवारी सकाळी लवकर, उघड्यावरची रेंज, कडेची लेन. कानात बोळे, वर इअरमफ, डोळ्यांना चष्मा, बंद गळ्याचा शर्ट (उडालेलं गरम काडतूस गळ्यातून आत गेलं की माणूस नाचतो, आणि हातात पिस्तूल असतं). पिस्तूल मुद्दाम पॉइंट टू टूचं, रेंजवरून भाड्याने घेतलेलं. त्याची गोळी साधारण २.६ ग्रॅमची, ९ मिमीची नेहमीची साडेसात ग्रॅमच्या आसपास. त्यामुळे झटका अगदी नावाला. पाच यार्डांवर पार्टीतली कागदी प्लेट लावली. पहिल्यांदा मॅगझिनमध्ये एकच गोळी.

तिने श्वास सोडला, ट्रिगर हळूहळू दाबला. ठप्प. प्लेटला भोक!

आणि ती आनंदाने गर्रकन माझ्याकडे वळली. "लागली!" पिस्तूल हातातच, नळी माझ्या पोटावर.

मी "अगं!" म्हणून ओरडलो, पण कानात बोळे असलेल्या माणसाला काय ऐकू येणार? एक हात तिच्या कोपराजवळ होताच, त्याने तिचा हात परत समोर वळवला. पिस्तूल रिकामं होतं, स्लाइड मागे अडकलेली, बोटही बाहेर. तरी तिचा चेहरा पांढराफटक पडला.

पिस्तूल टेबलावर ठेवून आम्ही मागच्या बाकावर बसलो. थोड्या वेळाने ती म्हणाली, "तू चिडला का नाहीस?"

चिडून काय करणार? नवशिका वळतोच. म्हणून तर एकच गोळी भरायची, म्हणून तर शिकवणाऱ्याने हाताच्या अंतरावर उभं राहायचं. पण "आनंद झाला तरी आधी पिस्तूल खाली, मग नाच" हे मी सांगायला हवं होतं. ते राहिलं. मित्राच्या वेळी भरलेलं मॅगझिन दिलं होतं, तेव्हा तो असा वळला असता तर? हा विचार मला बाकावर बसल्यावर पहिल्यांदा आला, आणि पाय जरा लटपटले.

"अजून एक," ती म्हणाली. मग एकेक करत तिने तीस मारल्या. शेवटी गोळ्या प्लेटच्या खाली जायला लागल्या. हात थकला की झटक्याआधीच आपण नळी खाली दाबतो. पेटीत वीस उरल्या होत्या, तरी थांबलो. थकलेल्या हाताला चुकीचीच सवय लागते. साबणाने हात धुतले (दारूच्या धुरात शिसं असतं), घरी कपडे बदलून मगच लेकीला घेतलं.

रात्री तिने तिजोरीचा नंबर मागितला. पिस्तूल काढलं, नळी भिंतीकडे. मॅगझिन, स्लाइड, नजर, करंगळी.

"रिकामं," म्हणाली. तिजोरी बंद केली आणि माझ्याकडे बघून पुढे म्हणाली, "घरात ठेवायचं की नाही ते अजून ठरलेलं नाही हं."

असो. पण आता ते ठरवायला आम्ही दोघं आहोत.