नियमाचा कर्ता

मराठीच्या प्राध्यापकाला महाविद्यालयीन समित्यांमध्ये सहसा दोनच कामे मिळतात : आभारप्रदर्शन आणि शुद्धलेखन. स्वायत्ततेनंतर आमच्या महाविद्यालयात अंतर्गत नियमावलीसाठी प्राध्यापकांची समिती नेमली गेली, तेव्हा तिच्यात माझी वर्णी लागली ती यांपैकी दुसऱ्या कामासाठी. वाणिज्य आणि राज्यशास्त्राच्या सहकाऱ्यांनी आशय पाहावा, मी ऱ्हस्वदीर्घ पाहावेत, अशी ही श्रमविभागणी होती. ती दुसऱ्याच बैठकीत मोडली. नियमांच्या बाबतीत भाषा आणि आशय वेगळे काढताच येत नाहीत.

महाविद्यालयाच्या नियमावलीला फार मोठे अंगण नसते, हे आधी मान्य करायला हवे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ याच्या कलम ९७ने महाविद्यालय विकास समितीची रचना ठरवून दिली आहे. अध्यक्षपद व्यवस्थापनाकडे, प्राचार्य सदस्य-सचिव, पूर्णवेळ शिक्षकांनी आपल्यामधून निवडून दिलेले तीन शिक्षक, त्यांत किमान एक महिला. स्वायत्त महाविद्यालयाचे नियामक मंडळ, विद्या परिषद, अभ्यास मंडळे आणि वित्त समिती यांची चौकट विद्यापीठ अनुदान आयोगाने आखलेली आहे. या भिंतींना हात लावता येत नाही. आपल्या हाती उरतो तो कायद्याने मोकळा सोडलेला भाग : विभागाची बैठक कोणी बोलवायची, किती दिवस आधी, इतिवृत्त कोणी लिहायचे, कोणाला मत असेल. पण शिक्षकाचे रोजचे जगणे चालते ते याच मोकळ्या भागात.

पहिला मसुदा वाचताना जाणवले, की त्यातील जवळजवळ प्रत्येक वाक्य कर्मणी वळणाचे आहे. ‘कार्यभाराचे वाटप करण्यात येईल.’ ‘आवश्यकतेनुसार बैठक बोलावण्यात येईल.’ मोरो केशव दामले यांच्या १९११ सालच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’तील प्रयोगविचार शिकवताना वर्गात जांभया येतात, हे मी जाणतो. पण प्रयोग हा किती व्यवहारी विषय आहे हे पाहायचे असेल, तर नियमावली हाती घ्यावी. वाटप करणार कोण? बैठक बोलावणार कोण? कर्ता नसलेल्या वाक्याला जाब विचारता येत नाही. आम्ही एकेक वाक्य कर्तरी करत गेलो, आणि प्रत्येक वेळी वाद झाला. ‘विभागप्रमुख कार्यभाराचे वाटप करील’ असे लिहिताच विभागप्रमुख सावध झाले. ‘विभागाच्या बैठकीत वाटप ठरेल’ असे लिहिताच त्याहून अधिक सावध झाले.

दुसरी अडचण क्रियापदाच्या रूपांची होती. कायद्याच्या मराठीत ‘सभा घेईल’ हा आदेश असतो, तर ‘सभा घेता येईल’ ही मुभा. बोलण्यातला साधा भविष्यकाळ इथे बंधनकारक होतो. त्यामुळे ‘घेईल’ की ‘घेता येईल’ यावर पाऊण तास गेला, आणि तो वाया गेला असे मला वाटत नाही.

त्यानंतर वेळ आली ‘ऐनवेळी येणाऱ्या विषयां’ची. प्रत्येक कार्यसूचीच्या शेवटी निमूटपणे बसलेला हा विषय सर्वांच्या परिचयाचा आहे. निम्मे सभासद घड्याळाकडे पाहत असताना, अध्यक्षांच्या परवानगीने, महत्त्वाचे ठराव याच दारातून आत येतात. कार्यभार, नेमणूक आणि अभ्यासक्रम हे विषय ऐनवेळी घेता येणार नाहीत, असे कलम आम्ही घातले. ते फारशा विरोधाविना मंजूर झाले, कारण या दाराचा कधी ना कधी सर्वांनाच त्रास झालेला होता.

खरा पेच एका शब्दाच्या व्याख्येत होता. विभागाच्या बैठकीपुरता ‘शिक्षक’ म्हणजे कोण? अनेक विभागांत निम्मे अध्यापन तासिका तत्त्वावरचे सहकारी करतात. पदव्युत्तर वर्गाला समीक्षा शिकवणारी माणसे नियमावलीत मात्र कुठेच नव्हती. त्यांना मत द्यावे, असा प्रस्ताव आला. ‘आज मत दिले, उद्या नोकरी मागतील,’ हा आक्षेप अपेक्षितच होता. विचार करायला लावला तो वेगळ्या आक्षेपाने. ज्याची नेमणूक दरवर्षी नव्याने होते, तो नेमणाऱ्यांसमोर हात वर करून विरुद्ध मत कसे देणार? असे मत म्हणजे हक्क की नवे संकट? म्हणून कोणत्याही एका सदस्याने मागणी केल्यास गुप्त मतदान, अशी तरतूद झाली. व्याख्येतून ‘पूर्णवेळ’ हा शब्द गेला.

तेव्हा एका तरुण सहकाऱ्याने, तोही तासिका तत्त्वावरचा, शांतपणे विचारले : ‘सर, बैठक ही तासिका धरली जाईल का?’ समितीत कोणी बोलेना. त्याला मानधन मिळते ते घेतलेल्या तासांचे. आम्ही ज्या तासाला त्याचा सन्मान समजत होतो, तो त्याच्या दृष्टीने बिनमोबदल्याचा तास होता, आणि त्याला दुसऱ्या गावच्या महाविद्यालयात तास घेण्यासाठी एस.टी. पकडायची असते.

बैठकीच्या मानधनाचे कलम आम्ही लिहिले, पण पैशाचा अधिकार समितीचा नव्हता. नियमावली मंजूर होऊन आली, तेव्हा मताचे कलम शाबूत होते, गुप्त मतदानही होते. मानधनाच्या कलमाच्या जागी मात्र एक नवे वाक्य होते : ‘निधीच्या उपलब्धतेनुसार विचार करण्यात येईल.’

सारी नियमावली कर्तरी झाली, आणि नेमके हे एक वाक्य कर्मणी राहिले. पुढच्या दुरुस्तीसाठी मी त्याच्याखाली रेघ मारून ठेवली आहे. शुद्धलेखनाचे काम आपल्याकडे आहे, ते सोडू नये, असे आता वाटते.