काचपेटींतील मांजर

घरांत उंदीर माजले म्हणजे मांजर पाळावें, हा उपाय आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. उंदीर संपले कीं मांजर चुलीपाशीं बसून दूधभातावर सुखानें निर्वाह करतें. म्हणूनच हा उपाय घरास जड जात नाहीं. हाच न्याय समुद्राच्या पाण्यास लावतां येईल काय, असा प्रश्न गेल्या वर्षीं आमच्यापुढें उभा राहिला. खाऱ्या पाण्यांतील मासे पाळण्याचा छंद आतां मध्यम स्थितींतील घरांतही शिरूं लागला असल्यामुळें त्याविषयीं चार शब्द लिहिणें अप्रस्तुत होणार नाहीं.

आमच्या बैठकीच्या खोलींत दीडशें लिटर खाऱ्या पाण्याची एक काचेची पेटी आहे. तींत क्लाउनफिश जातीच्या माशांचें एक जोडपें, कांहीं गोगलगाई आणि थोडे दगड, एवढाच संसार. प्रवाळ आम्हीं ठेवलेलें नाहीं; समुद्रांत भिंती उभारणारीं प्रवाळें आपल्या देशांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें रक्षिलेलीं आहेत, व तें योग्यच होय. या पेटींत एका दगडाबरोबर ऐप्टेसिया नांवाचें तपकिरी समुद्रफूल नकळत आलें. फूल हें नुसतें नांव. तो वस्तुतः डंख करणारा प्राणी आहे. चिमट्यानें ओढूं जावें तर तो भेगेंत आकसतो, आणि तुटून मागें राहिलेल्या तुकड्यांतून नवे प्राणी उत्पन्न होतात. पुराणांतील रक्तबीजाची आठवण व्हावी असाच हा प्रकार! दोनांचे वीस होण्यास फार दिवस लागले नाहींत.

त्याला खाणारा मासा आणावा, असा सल्ला जाणत्यांकडून मिळतो. त्यांत पहिलें नांव येतें तें कॉपरबँड बटरफ्लाय या माशाचें. पांढऱ्या अंगावर केशरी-पिवळे उभे पट्टे आणि चिमट्यासारखें लांब तोंड; चित्र पाहतांच मुलांनीं आपला कौल देऊन टाकला. तेव्हां आमच्या मातोश्रींनीं विचारलें, “अरे, आणशील खरा, पण तीं फुलें संपल्यावर त्याला खायला काय घालशील?”

साऱ्या प्रश्नाचें मर्म या एका वाक्यांत होतें. हा मासा सुमारें वीस सेंटिमीटर वाढतो. त्याला आमच्या पेटीच्या दुपटी-तिपटीची जागा लागते. भेगांतील कृमि आणि बारीक कवचधारी प्राणी टिपून खाण्याची त्याची जन्माची संवय. पेटींत आणल्यावर यांपैकीं पुष्कळ मासे घातलेल्या अन्नास तोंडही लावीत नाहींत, आणि कांहीं आठवड्यांत उपासानें मरतात. आपली अडचण दूर करण्याकरितां दूरच्या समुद्रांतून एक जीव आणवावा आणि त्याला काचेआड उपाशी मारावें, हें आम्हांस रुचेना. मांजराला दूधभात तरी चालतो!

दुसरें नांव सिक्सलाइन रॅस याचें. जांभळट अंगावर केशरी रेघा, आणि लांबी दहा सेंटिमीटरांच्या आंत. चपटे कृमि व बारीक किडे टिपण्यांत तो तरबेज आहे. परंतु या समुद्रफुलाकडे तो ढुंकूनही पाहत नाहीं. म्हणजे औषध चांगलें, पण दुसऱ्याच रोगावरचें. शिवाय लहान पेटींत एकदां बस्तान बसलें कीं मागाहून आलेल्या माशांस तो सळो कीं पळो करून सोडतो.

शेवटीं आमची निवड ब्रिसलटेल फाइलफिशवर ठरली. हा ओबडधोबड, शेवाळी रंगाचा, मुलांच्या लेखीं कुरूपच. तो समुद्रफूल खातो, पण प्रत्येक मासा खाईलच अशी हमी नसते. आणि पेटींत प्रवाळ असेल तर तेंही कुरतडण्याचा संभव असतो. मात्र गोठविलेले झिंगे तो सहसा आवडीनें खातो. दुकानदाराकडून आमच्यासमक्ष त्याला अन्न घालविलें, त्यानें तें खाल्लेलें पाहिलें, आणि मगच पैसे दिले. आमच्या घरांत मासळी शिजत नाहीं. तेव्हां हे झिंगे ठेवायचे कोठें, हा एक नवाच पेंच पडला. मातोश्रींनीं बर्फाच्या कप्प्यांत झांकणाचा एक वेगळा डबा नेमून दिला आणि “त्याचें अन्न तो खाणार, आपण त्याला आणलें आहे,” असें म्हणून विषय मिटविला.

दीड महिन्यांत दर्शनी दगड स्वच्छ झाला. मागच्या भेगेंत दोन-तीन फुलें अद्याप आहेत, आणि तीं कदाचित् तेथेंच राहतील. उरलेल्या अन्नावर हीं फुलें पोसतात, म्हणून पेटींत अन्न बेतानेंच टाकणें, हा या निवडीइतकाच महत्त्वाचा उपाय आहे. हा छंद करूं पाहणाऱ्या वाचकांस आमचें सांगणें एवढेंच कीं, कीड खाणारा मासा निवडतांना, त्यानें एकही कीड खाल्ली नाहीं तरी आपण त्याला आनंदानें सांभाळूं काय, हें आधीं मनाशीं ठरवावें. उत्तर नाहीं असें आलें, तर तो मासा समुद्रांतच राहूं द्यावा.