पियानोची जागा

‘आउटर वाइल्ड्स’ हा २०१९ सालचा अंतराळातला एक व्हिडिओ गेम. गेम म्हटल्यावर तुम्ही पान उलटाल, म्हणून आधीच सांगते, यात बंदुका नाहीत. लहानशी सूर्यमाला, लाकूड-पत्र्याचं एक यान आणि २२ मिनिटं. तेवढ्यात सूर्य फुटतो आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू.

मला धरून ठेवलं ते त्यातल्या ‘ट्रॅव्हलर्स’ या संगीतानं. अँड्र्यू प्रालो यांची रचना. आपल्या आधी गावातले काही जण यानं घेऊन बाहेर पडलेले असतात आणि प्रत्येक जण कुठेतरी एकटा वाजवत बसलेला असतो. एकाला अंतराळाची भारी भीती, तरी गेलाय बिचारा, तो बॅन्जो वाजवतो. एक तारे मोजता मोजता ढोल बडवतो. एक झोळीत पडून बासरी. चंद्रावरच्या म्हाताऱ्याजवळ वाद्यच नाही, तो शीळ घालतो. एकाची आशा तर गावानं सोडलेली. त्याचा माउथ ऑर्गन काटेरी वेलींच्या अंधारातून येतो. जवळ गेलं की एकच वाद्य, उघडंबोडकं वाटतं. पण पार लांब जाऊन ऐकायचं यंत्र सगळ्यांकडे वळवलं की कळतं, सगळे एकाच तालात एकच गाणं वाजवतायत.

हे ऐकलं आणि आम्ही चौघी आठवलो. आक्का इंदूरला, मी बेळगावात, तिसरी वडोदऱ्याला, धाकटी हैदराबादला. लॉकडाऊनमध्ये व्हिडिओ कॉलवर भजन म्हणून बघितलं. कसलं जमतंय! हैदराबादचं ध्रुवपद इंदूरच्या अंतऱ्यावर आदळायचं. हसून पुरेवाट. शेवटी आक्का म्हणाली, “तुम्ही आवाज बंद करा गं. मी म्हणते, तुम्ही आपापल्या घरी माझ्याबरोबर म्हणा.” मग तसंच चालू झालं. मला फक्त आक्का ऐकू यायची, पण पडद्यावर तिघींचे ओठ हलताना दिसायचे.

आक्का गेली. पुढच्या मे महिन्यात तिची मुलगी माझ्याकडे राहायला आली, तिच्यामुळेच हा गेम घरात आला. मी शेजारी शेंगा फोडत बसायची.

गेमच्या शेवटी सूर्य काही वाचत नाही. सगळं विझल्यावर ती मंडळी एका शेकोटीभोवती जमतात. आपण एकेकाला सांगायचं, की तो वाजवायला लागतो. त्यात सोलानम नावाची एक परकी बाईही असते, केव्हाच नामशेष झालेल्या जमातीची. ती पियानो वाजवते. पण वाटेत कुठे आपण तिला भेटलो असलो तरच. नाही तर ती येतच नाही आणि गाणं तिच्यावाचून पुरं होतं. तिची ओळखच नसलेल्याला काही उणं वाटणार नाही.

भाचीनं गेम दुसऱ्यांदा नव्यानं खेळला, सोलानमकडे न जाता. शेकोटी आली, गाणं सुरू झालं. माझे हात थांबले.

“पियानो कुठाय गं?”

“या खेपेला भेटलेच नाही तिला, मावशी.”

“मग जा की. भेटून ये.”

तिनं गेम परत पहिल्यापासून लावला.