बिनकागदाची वाट

गेल्या वर्षी वक्तृत्व स्पर्धेत माझा पहिला क्रमांक आला. ‘कागदाशिवाय सीमा ओलांडतो तो चोर!’ हे वाक्य मी टेबलावर हात आपटून म्हटले आणि टाळ्या पडल्या. कॉलेजची पायरी चढलेला मी आमच्या घरातला पहिलाच. बाबांनी चषक देवळीत, देवाशेजारी ठेवला.

तो पाहायला स्वेटरवाली मावशी आली. आमचे गाव अर्जुनी मोरगाव तालुक्यातले. जवळच गोठणगावला १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. हिवाळा संपला की उरलेला माल घेऊन मावशी आमच्याकडे फिरते. मी कॉलेजात जातो तो स्वेटर तिचाच, तीन हप्त्यांत फेडलेला.

“भाषणात काय बोललास, बाबू?” मी ऐटीत ते वाक्य म्हणून दाखवले. ती हसली. “म्हणजे माझा बाप चोर. १९५९ साली मला पाठीला बांधून बर्फातून आणले त्याने. शिक्का कोणाकडे मागायचा होता?”

मायने घाईने चहा ठेवला. मला तो गेला नाही.

पुढे राज्यशास्त्राच्या सरांनी १९५१ चा निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करार वाचायला दिला. त्यातले ३१ वे कलम मी तीनदा वाचले. जिवाला वा स्वातंत्र्याला धोका आहे अशा मुलखातून जो थेट आला, विलंब न लावता अधिकाऱ्यांपुढे हजर झाला आणि ज्याने सबळ कारण दाखवले, त्या निर्वासिताला बेकायदा प्रवेशाबद्दल शिक्षा करू नये. खरेच आहे. ज्याच्या भीतीने पळायचे त्याच्याच कचेरीत पासपोर्ट मागायला कोण जाईल? चौकशी व्हावी, ती नको असे मी म्हणत नाही. पण चौकशीआधीच चोर?

गंमत अशी की, भारताची या करारावर सहीच नाही. निर्वासितांसाठी वेगळा कायदाही आपल्याकडे नाही. दलाई लामा ३१ मार्च १९५९ ला भारतात आले, त्यांना आसरा मिळाला तो सरकारच्या निर्णयाने. १९९६ साली चकमा निर्वासितांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, घटनेच्या २१ व्या कलमाचे संरक्षण नागरिक नसलेल्यालाही आहे. माझ्या भाषणात यातले काहीच नव्हते. परीक्षकांनीही विचारले नाही.

चषक अजून देवळीतच आहे. बाबा आल्यागेल्याला दाखवतात, आणि तो काढा म्हणायची मला हिंमत होत नाही. यंदा मावशीने मायला उधारीवर शाल दिली. वहीत हिशेब मीच लिहिला. भाषणाचा विषय तिने काढला नाही, मीही नाही.