अतिजोखमीची माता

पहिल्या खेपेला आठव्या महिन्यात माझा बीपी वाढला आणि लेकरू पोटातच गेलं. त्यामुळे दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा घरात आनंदाच्या आधी भीती आली. मी जळगाव जामोद तालुक्यातली अंगणवाडी सेविका. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात तज्ज्ञ डॉक्टर गरोदर बायांना तपासतात, २०१६पासून ही सोय आहे, आणि गावातल्या बायांना त्या दिवशी पाठवणं हे माझं नेहमीचं काम. या वेळी अतिजोखमीचं लाल स्टिकर माझ्याच कार्डावर लागलं आणि पुढच्या तपासणीसाठी मला खामगावला पाठवलं.

तज्ज्ञ म्हणजे मोठी यंत्रं, असं मनात होतं. तिथल्या डॉक्टर मॅडमनी आधी जुने कागद मागितले. बीपी कितव्या आठवड्यात चढला, झटके आले होते का, बाळाचं वजन किती भरलं होतं. ते गेलेलं लेकरू कागदावर मोजलं जाताना मला रडू आलं. त्या थांबल्या, मला पाणी दिलं आणि मग पुन्हा विचारलं. ती माहिती त्यांना खरंच हवी होती, कारण पुढचा सगळा बेत तिच्यावरच बांधायचा होता.

पहिली गोष्ट म्हणजे रोज रात्री एक छोटी ॲस्पिरिन. सासूबाई घाबरल्या. "पोटुशी बाईले रक्त पातळ करायची गोळी काहून?" मॅडमनी त्यांना समोर बसवून समजावलं. वार रुजते तेव्हा गर्भाशयातल्या रक्तवाहिन्या रुंद व्हाव्या लागतात. ते नीट झालं नाही तर पुढे आईचा बीपी चढतो आणि बाळाला रक्त कमी पडतं. ही गोळी बाराव्या आठवड्यानंतर आणि शक्यतो सोळाव्याच्या आत सुरू केली तर धोका कमी होतो. संपत नाही, हेही त्यांनी तेव्हाच सांगितलं. सोबत कॅल्शियम, पण लोहाच्या गोळीबरोबर नाही, वेगळ्या वेळी.

पाचव्या महिन्यात बाळाचे अवयव पाहणारी सोनोग्राफी झाली. पुढे बाळाची वाढ आणि डॉपलर. डॉपलरमध्ये वारेतून बाळाकडे रक्त किती सहज जातं ते दिसतं. घरी आशाताई बीपी मोजायला यायच्या. पाच मिनिटं पाठ टेकून, न बोलता बसायचं आणि मगच पट्टा बांधायचा. आकडा वहीत. १४०/९० झाला तर त्याच दिवशी कळवायचं, १६०/११० झाला तर सरळ निघायचं. डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे चमकलं, बरगडीखाली दुखलं किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर आकडा कितीही असो, निघायचं.

बाळंतपण कुठे करायचं हे सातव्या महिन्यातच ठरलं: अकोल्याला. माझी माय म्हणत होती, जवळच करू, तिथे कळा सोसायला आपली माणसं असतील. पण लेकरू लवकर आलं तर त्याला ठेवायला काचेची पेटी, रक्तपेढी आणि भूल देणारे डॉक्टर एकाच ठिकाणी हवे होते. जन्मल्यावर तेवढ्याशा जिवाला गाडीतून नेण्यापेक्षा आईच्या पोटातून नेणं केव्हाही सुरक्षित, हे मॅडमचं म्हणणं मला पटलं. शिवाय पावसाळा होता आणि पूर्णेला पूर आला की आमचा रस्ता अडतो. रुग्णवाहिकेचे १०२ आणि १०८ हे दोन्ही नंबर दारामागे लिहून ठेवले. तरी एक गोष्ट मला आजही टोचते. सातपुड्याच्या पायथ्याच्या बाईला एवढ्या उपचारासाठी दुसऱ्या जिल्ह्यात जावं लागतं, आणि जिच्याकडे रजा नाही, पैसा नाही, सोबतीला माणूस नाही ती जातच नाही.

तेहतिसाव्या आठवड्यात आकडा चढला. अकोल्यात भरती झाले. बाळाची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून बारा-बारा तासांनी अशी चार इंजेक्शनं दिली. झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेट दिलं. ते शरीरात जाताना अंगातून आगीची लाट जाते. कुणी आधी सांगितलं नसतं तर मला वाटलं असतं, आता संपलं. सिस्टर पुन्हा पुन्हा येऊन गुडघ्यावर छोटी हातोडी मारायच्या, श्वास मोजायच्या, लघवी मोजायच्या. औषध जास्त झालं तर आधी गुडघ्याची उडी थांबते, म्हणून ही पाहणी. हे औषध झटक्यांचा धोका जवळपास निम्मा करतं, हे २००२ साली ३३ देशांतल्या दहा हजार बायांवरच्या अभ्यासातून दिसलं, असं मी नंतर वाचलं. त्या रात्री मला फक्त सिस्टरचा हात माहीत होता.

सगळ्यात कठीण होतं ते थांबणं. बाळ पोटात राहिलं तर त्याचा फायदा, पण माझ्या किडनी-यकृताला धोका. रोज सकाळी रक्ताचे रिपोर्ट पाहून डॉक्टर म्हणायचे, "आज थांबू. उद्या परत पाहू." खात्री त्यांनी कधीच दिली नाही. मला त्याचा राग आला नाही, उलट आधार वाटला, कारण काय बिघडलं तर काय करणार हे ते दर वेळी सांगत होते. चौतिसावा आठवडा भरल्यावर प्लेटलेट उतरायला लागल्या, आणि त्याच दुपारी सिझेरियन झालं.

मुलगी. पावणेदोन किलो. ती नवजात कक्षात आणि मी वर, वॉर्डात. नंतर तिला उघड्या छातीशी बांधून तासन् तास बसायचे.

नातेवाइकांना वाटलं, सुटली. पण बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यात बीपी पुन्हा चढू शकतो आणि झटकेही येऊ शकतात. सहा आठवडे तपासणी चालू राहिली. आता दरवर्षी बीपी आणि साखर पाहायची, कारण अशा बायांना पुढे हृदयविकाराचा धोका जास्त असतो.

गेल्या आठवड्यात गल्लीतली एक पोरगी आली. पहिल्या वेळी तिलाही बीपीचा त्रास झाला होता. "वहिनी, सोनोग्राफी कधी करू?" तिने विचारलं. मी आधी पाळीची तारीख विचारली आणि बोटांवर आठवडे मोजले. अकरावा लागला होता. तिला म्हटलं, सोनोग्राफीचं नंतर पाहू, उद्या पहिल्या गाडीनं खामगावला चल.