पायाळूचा मान

आमच्या पिढीच्या मराठवाड्यातल्या घरांत कुणाला उसण भरली की डॉक्टरच्या आधी पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेलं, माणूस शोधलं जाई. नांदेडला चौफाळ्यातल्या वाड्यात हा मान मधल्या काकूंचा. पाण्याची घागर उचलताना कंबर धरलेल्याला ओसरीवर पालथं निजवायचं आणि काकू भिंतीला हात टेकून त्याच्या पाठीला डाव्या पायानं तीनदा हलकेच लाथ लावायच्या. थोरल्या दिरांची पाठ असली की आधी नमस्कार, मग लाथ, मग परत नमस्कार. "अजून दुखायलंय का हो?" असं त्यांनी पदर सावरत विचारल्यावर, दुखत असलं तरी "कमी झालं" हेच उत्तर यायचं. इतक्या अदबीनं मारलेली लाथ वाया गेली असं कोण म्हणेल? एक मात्र खरं, पायाला मुंग्या येतात असं कुणी म्हटलं की काकू पाय मागे घ्यायच्या. "ह्याला दवाखान्यात न्या, हे माझं काम नाही."

नांदेड आणि लातूर १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात, म्हणून घरातली औषधंही हैदराबादच्या वाटेनं आलेली. १९२०पासून तिथं तयार होणारी झिंदा तिलिस्मातची लहानशी बाटली कोनाड्यात असायचीच. त्यात निलगिरीचं तेल, कापूर, पुदिन्याचा अर्क. म्हणजे सर्दीत नाक मोकळं वाटणं साहजिक. दातदुखी, पोटदुखीलाही तीच. सोवळ्यातली आजी हकीमसाहेबांचं माजून बिनदिक्कत घ्यायची. औषधाला विटाळ नसतो, हे तिचं शास्त्र मला आजही पटतं. मात्र औषध कुणाचंही चालतं, तर पारखही सगळ्यांची सारखीच व्हायला हवी. गोळी ॲलोपॅथीची असो, काढा असो की साबुदाण्याएवढी गोड गोळी.

लातूरला आजोळी हाडवैद्य होते. मोडलेल्या हातावर मैदालाकडीचा लेप, वर बांबूच्या कांबट्या आणि आवळून फडकं. मामेभावाचं मनगट त्यात जुळलं, पण वाकडं. फडकं फार आवळलं तर रक्त अडून बोटं काळी पडतात, हात कापायची वेळ येते. १९९३च्या किल्लारीच्या भूकंपानंतर आमच्या आजोळी तरी हाड मोडलं की पहिला एक्स-रे, हे ठरून गेलं.

आता भाचे मोबाइलवर मणके कडाकडा मोडणारे व्हिडिओ दाखवतात. ते कायरोप्रॅक्टिक. १८९५ साली अमेरिकेतल्या डॅव्हनपोर्टला डी. डी. पामर नावाच्या गृहस्थानं मणका दाबून एका बहिऱ्याला ऐकू आणल्याचा दावा केला, तिथून ते निघालं. तो कडाका सरकलेलं हाड जागेवर बसल्याचा नसतो, सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी होते त्याचा असतो. चाचण्यांत कंबरदुखीला त्याचा थोडा उपयोग दिसतो, साधारण व्यायामाइतकाच. बहिरेपण, दमा वगैरेंबद्दलचे दावे टिकलेले नाहीत. आणि मान झटक्यानं फिरवताना क्वचित रक्तवाहिनी फाटून पक्षाघात होतो. काकू मानेला पाय लावत नसत.

ताजी उसण बहुतेकांची काही दिवसांत, फार तर महिन्या-दीड महिन्यात आपोआप ओसरते. साधी कावीळही तशीच, म्हणून ती 'उतरवणाऱ्या'ला यश. विंचवाचं गणित मात्र अवघड. काळ्या विंचवाची आग दिवसभरात शमते, लाल विंचू हृदयावर जातो. जालना जिल्ह्यात जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर कोकणात महाडच्या बाजूला विंचूदंशाचे रुग्ण तपासत राहिले. वाचले त्यांच्याबरोबर दगावले त्यांच्याही नोंदी त्यांनी केल्या. १९८२मध्ये ती निरीक्षणं 'लॅन्सेट'मध्ये छापून आली, पुढे रक्तदाबावरच्या प्राझोसिन या गोळीनं कित्येक जीव वाचले.

आजोळच्या विंचू उतरवणाऱ्या मांत्रिकालाही शंभर नावं तोंडपाठ होती, सगळी वाचलेल्यांची. आजोबा आडतीवर मुनीम. तुरीचा कट्टा आला तरी लिहायचे, परत गेला तरी लिहायचे. त्यांनी एकदा विचारलं, "आणि गेले त्यांचा हिशेब कोण ठेवतंय, महाराज?"

"त्यांचा देवाघरी असतो की, मुनीमजी," मांत्रिक म्हणाला आणि पुढचं नाव सांगू लागला.