शेवटच्याचा पहिला मान

जगाची रीत अशी की, जिंकणाऱ्याच्या पदरात आणखी पडावे आणि हरणाऱ्याच्या हातचेही जावे. अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉलने मात्र ही रीत उलटी करून ठेवली आहे. हा फुटबॉल आपल्या परिचयाचा नव्हे. लंबगोल चेंडू हाती धरून, डोक्यावर शिरस्त्राण चढवून खेळण्याचा तो झुंजार खेळ. त्यातील ३२ संघ दर वर्षी महाविद्यालयीन तरुण खेळाडूंची आपसांत वाटणी करून घेतात. या वाटणीस तेथे ‘ड्राफ्ट’ म्हणतात. गत हंगामात जो संघ सर्वांत मागे राहिला, त्याला पहिल्या निवडीचा मान. जो विजेता ठरला, त्याचा क्रमांक शेवटचा. अशा सात फेऱ्या होतात.

ही कल्पना बर्ट बेल या गृहस्थांची. फिलाडेल्फियाचा त्यांचा संघ सदैव हरणारा. नामांकित खेळाडू त्याच्याकडे येईनात. म्हणून १९३५ साली त्यांनी ही सूचना मांडली आणि १९३६ मध्ये पहिली वाटणी झाली. पहिली निवड अर्थातच फिलाडेल्फियाची. परंतु त्या पहिल्या निवडीचा मानकरी जे बरवँगर व्यावसायिक फुटबॉलचा एकही सामना खेळला नाही! दैवाने पहिल्याच दिवशी नियमाची अशी थट्टा केली.

तेव्हा प्रश्न असा की, नवखा मुलगा बुडते घर खरोखरच सावरू शकतो काय?

२०२२ च्या हंगामात ह्यूस्टनच्या संघाने १७ पैकी अवघे ३ सामने जिंकले होते. २०२३ मध्ये त्याने दुसऱ्या क्रमांकावर सी. जे. स्ट्राउड आणि तिसऱ्या क्रमांकावर विल अँडरसन हे दोन तरुण घेतले, आणि त्याच वर्षी १० सामने जिंकले. हे पाहून कोणीही म्हणेल, चमत्कार झाला. पण त्याच वर्षी पहिला क्रमांक मिळालेला ब्राइस यंग कॅरोलायनाच्या संघात गेला आणि त्या संघाच्या वाट्याला केवळ २ विजय आले. या पहिल्या क्रमांकासाठी कॅरोलायनाने शिकागोला काय दिले नव्हते? चेंडू झेलणारा आपला उत्तम गडी दिला, पुढल्या वर्षाची पहिल्या फेरीतील निवडही दिली. ज्याच्या भरवशावर नवख्याने चेंडू फेकायचा, तोच गडी निघून गेलेला. हंगाम संपण्यापूर्वी प्रशिक्षकही काढून टाकलेला. शेवटच्याला मिळणारा पहिला मान २०२४ मध्ये शिकागोच्या हाती आयता पडला.

पीट्सबर्गची गोष्ट याच्या नेमकी उलट. १९७४ च्या एकाच वाटणीत त्यांनी स्वॉन, लॅम्बर्ट, स्टॉलवर्थ आणि वेब्स्टर हे चौघे टिपले. चौघेही पुढे या खेळाच्या कीर्तिमंदिरात जाऊन बसले आणि त्याच हंगामात संघ अजिंक्य ठरला. परंतु चक नोल हे प्रशिक्षक तेथे १९६९ पासून होते. पहिल्या वर्षी १४ पैकी १३ सामने हरूनही त्यांना कोणी हलविले नव्हते. जमीन पाच वर्षे नांगरली जात होती. १९७४ चे बी तयार वाफ्यात पडले.

इंडियानापोलिसच्या पेटन मॅनिंगने १९९८ मध्ये, आपल्या पहिल्या वर्षी, २८ वेळा चेंडू प्रतिपक्षाच्या हाती दिला आणि संघ १६ पैकी १३ सामने हरला. त्याच्यावरील विश्वास कोणी काढून घेतला नाही. दुसऱ्या वर्षी तोच संघ १३ सामने जिंकला. पुढे नोबेल पारितोषिक मिळविलेले अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर यांनी केड मॅसी यांच्यासह दाखवून दिले आहे की, अगदी वरच्या निवडींसाठी संघ वाजवीहून अधिक मोल देतात. उलट टॉम ब्रेडी हा २००० साली १९९ व्या क्रमांकावर निवडला गेला आणि सात अजिंक्यपदांचा धनी झाला.

आम्हां परप्रांती नेमणुकीवरच्या मंडळींना यात काही ओळखीचे दिसावे. बिघडलेल्या कचेरीत एखादा ताज्या उमेदीचा तरुण अधिकारी पाठवायचा, जुने जाणते कारकून त्याच वेळी अन्यत्र हलवायचे, आणि वर्षअखेर ‘याने काय केले?’ असे विचारायचे, हा प्रकार आम्ही पाहिलेला आहे. आपण कोठे जावे, हे त्याने ठरविलेले नसते. अपयश मात्र त्याच्या नावावर लागते. नवखा मदत करतो, पुष्कळ करतो. पण त्याला उभे राहावयास जागा आणि चुकण्यास अवधी देणे हे थोरांचे काम आहे. तेवढे न करता त्याला नुसता पहिला मान देणे, म्हणजे घराची सारी थकबाकी धाकट्याच्या नावे लिहून मोकळे होणे होय.